थम्सअप मागणारं सोलापूर

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. नवी पेठेत खरेदी करून दमलेलं गिऱ्हाईक दुकानाशी थांबतं आणि म्हणतं, "एक थम्सअप द्या, चिल्ड." दुकानदार बाटली फडक्यानं पुसतो, दोरीला बांधलेल्या ओपनरनं बूच उडवतो. त्या 'फस्स' आवाजासरशीच निम्मी तहान भागते. गिऱ्हाईक फक्त चव विकत घेत नसतं, हे कंपन्यांना ठेच लागल्यावर कळलं.

१९७७ साली कोका-कोलानं भारत सोडला. परकीय मालकी ४० टक्क्यांवर आणण्याची कायद्याची अट कंपनीला मान्य नव्हती. त्याच वर्षी पार्लेच्या रमेश चौहान यांनी थम्सअप आणलं. गोडी बेताची, झणका जास्त. शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर वाढलेल्या जिभेला ते आपलं वाटलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

तिकडे अमेरिकेत १९८५ मध्ये कोका-कोलानं आपली चवच बदलली. सुमारे २ लाख लोकांना चाखायला देऊन नवी चव सरस ठरली होती. तरी लोक खवळले आणि ७९ दिवसांत जुनं पेय परत आणावं लागलं. घोटभर चाखून पसंती देणं वेगळं आणि लहानपणापासूनचं पेय कुणी काढून घेणं वेगळं. माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मोठा धडा हाच.

१९९३ मध्ये भारतात परतलेल्या कोका-कोलानं पार्लेकडून थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट, माझा हे सगळे ब्रँड घेतले. गोल्डस्पॉट पुढे बाजारातून गेलं. थम्सअपला हात लावणं मात्र परवडलं नाही. उलट मर्दानी साहसाच्या जाहिरातींनी त्याची जुनी ओळख आणखी गडद केली गेली.

मग मोर्चा वळला शब्दाकडे. पाहुण्याला आपण विचारतो, "चहा घेणार की थंड?" हिंदीतल्या याच 'ठंडा'वर आमिर खानच्या जाहिरातींनी कोका-कोलाचं नाव चिकटवलं. जोडीला २०० मिलीची बाटली ५ रुपयांत आली. एका नाण्यात व्यवहार, सुट्ट्याची कटकट नाही. खिशात हात घालताना विचार करावा लागायचा नाही, इतकी ती रक्कम तेव्हा छोटी होती.

२०२३ मध्ये रिलायन्सनं जुनं कॅम्पा कोला पुन्हा बाजारात आणलं. ज्यांनी ते तरुणपणी प्यायलंय, त्यांना नाव ओळखीचं. त्यांची नातवंडं फ्रिजच्या काचेतून आधी किंमत बघतात: २०० मिली, १० रुपये.