दाढीची आग आणि दाढीच्या पुळ्या: एकाच मानेवरची दोन वेगळी दुखणी

“दाढी केली की मला उठतं.” साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास कुठल्याही सलूनात रविवारी सकाळी नंबर लावून बसलात, तर हे वाक्य कानावर पडतंच. सांगणारा मानेवरून हात फिरवत असतो. कारागीर मान डोलावतो आणि तुरटीचा खडा नेहमीपेक्षा जरा जास्त घासतो. नेमकं काय उठतं, हे मात्र दोघांपैकी कुणी विचारत नाही. एकाचं उठणं म्हणजे टॉवेलनं तोंड पुसेपर्यंत गालावर पसरलेली लाली आणि आग. दुसऱ्याचं म्हणजे दोन दिवसांनी जबड्याखाली बोटाला लागणाऱ्या टणक पुळ्या. पहिल्यात कातडी सोलवटलेली असते. दुसऱ्यात कापलेला केसच वळून कातडीत घुसलेला असतो.

दोन्हीला एकच दुखणं समजून औषध केलं की घोटाळा होतो, कारण आग कमी करायला लोक जे करतात त्यातलं काही पुळ्या वाढवतं, आणि पुळ्यांवर जे लावतात ते आगीवर मीठ चोळल्यासारखं होतं. ज्याची दाढी राठ आणि कातडी नाजूक, त्याच्या वाट्याला तर बहुतेक वेळा दोन्ही येतात.

आधी आग. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. आतला ओलावा आत राखायचा आणि बाहेरचं बाहेर थोपवायचं, हे त्याचं काम. ब्लेड केस कापताना या थराचाही पातळ पापुद्रा सोबत नेतं. फेस ओला असेल, ब्लेड धारदार असेल आणि हात एकदाच फिरला, तर कातडीला ते कळतही नाही. पण फेस वाळत आलाय, ब्लेड पंधरवड्यापूर्वीचं आहे आणि हनुवटीच्या त्याच टिचभर जागेवर चौथ्यांदा हात चाललाय, अशा वेळी तो थर विरळ होतो आणि खालच्या जिवंत त्वचेला दाह होतो. लाली येते, चटके बसतात, घाम लागला तरी चरचरतं. वरून अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह ओतायचं आणि “झोंबलं म्हणजे जंतू मेले” असं म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. झोंबणं ही जंतू मेल्याची नव्हे, वरचा थर उघडा पडल्याची खूण आहे.

ही आग लगेच येते आणि लगेच जाते. काही तास, फार तर एक-दोन दिवस. त्या दोन दिवसांत पुन्हा ब्लेड लावलं नाही, तर त्वचा आपली आपण सावरते.

पुळीचं तसं नाही. ती दाढी केल्याबरोबर दिसतच नाही. दाढीचा केस दिवसाला साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा कमीच वाढतो, म्हणून पुळीला एक-दोन दिवस लागतात. वैद्यकात हिला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात आणि ती होण्याच्या दोन वाटा सांगतात. पहिली वाट: केस मुळातच वळणाचा असतो, बाहेर येतो, थोडा वाढतो आणि वाकून शेजारच्याच कातडीत परत शिरतो. दुसरी वाट जास्त फसवी. दाढी करताना कातडी ताणलेली असते, ब्लेड उलटं फिरवलेलं असतं, त्यामुळे केस कातडीच्या पातळीच्याही खाली कापला जातो. कातडी सोडली की तो आणखी आत जातो. मग वाढताना त्याला बाहेरचं तोंड सापडत नाही आणि तो मुळाच्या नळीची भिंतच भोसकतो. शरीराच्या लेखी हा केस म्हणजे बाहेरून घुसलेला काटा. त्याच्याभोवती सूज धरते, पुळी टणक होते, आणि आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर ती बरी झाल्यावरही काळसर डाग महिनोन्‌महिने राहतो.

कापलेल्या केसाचं टोक एवढं टोचरं का, हे कराडकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तोडणी झालेल्या उसाच्या फडातून अनवाणी चालून बघा. उभा ऊस पायाला काही करत नाही, कोयत्यानं तिरका छाटलेला बुडखा मात्र तळव्यात घुसतो. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं आणि मऊ असतं. ब्लेडनं तिरकं कापलं की त्याचा भाला होतो.

म्हणूनच हे दुखणं रोज गुळगुळीत दाढी करावी लागणाऱ्यांना जास्त छळतं. सातारा जिल्ह्यात असे लोक घरोघर आहेत. अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागलंय ते उगाच नाही. नोकरीत असेपर्यंत रोज पहाटे दाढी, सुट्टीवर आलं की महिनाभर रेझरला हात नाही आणि मान आपोआप साफ, हा अनुभव फौजी मंडळींना असतो. श्रेय गावच्या हवापाण्याला दिलं जातं. खरं श्रेय न केलेल्या दाढीचं. अमेरिकेच्या सैन्यात कुरळ्या केसांच्या कृष्णवर्णीय सैनिकांना हा त्रास इतका व्हायचा, की वैद्यकीय कारणावरून थोडी दाढी राखायची सवलत द्यावी लागली. आपल्याकडे डोक्यावरचे केस सरळ असलेल्यांच्याही दाढीत, विशेषतः मानेवर, भोवऱ्यासारखे वळणारे केस सापडतात. तेवढे पुरतात.

मग आपलं कोणतं, हे ओळखायचं कसं? घड्याळाकडे बघा. दाढीनंतर तासाभरात जे दिसतं ती आग, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे हाताला लागतं ती पुळी. मग डोळे मिटून बोट फिरवा. आगीत कातडी गरम आणि खरखरीत लागते, गाठ लागत नाही. पुळी दाण्यासारखी लागते आणि आरशाजवळ जाऊन उजेडात पाहिलं, तर तिच्यात पुष्कळदा काळी रेघ किंवा कमान दिसते. तो अडकलेला केस. सगळ्यात पक्की परीक्षा म्हणजे दाढी थांबवणं. आग दोन दिवसांत विझते. पुळ्या मात्र सुरुवातीला वाढल्यासारख्या वाटतात, कारण वाकडे केस अजून कातडीत शिरतच असतात. नंतर केस लांब होऊन स्वतःच्या वाढीनं बाहेर सुटतात आणि तीन-चार आठवड्यांत मान निवळते. नेमक्या त्या पहिल्या आठवड्यात लोक कंटाळून पुन्हा रेझर उचलतात.

या दोन्हींत न बसणारी तिसरी भानगडही असते. पुळीत पिवळा पू, ठणका, कधी ताप: तो केसतुडाचा प्रकार, जंतुसंसर्ग. आणि गोल पसरणारा, खाजणारा, कडेला खवले असलेला चट्टा म्हणजे बहुधा नायटा. तोही दाढीत होतो. इथे घरगुती उपाय बंद करून डॉक्टरकडे जावं. मेडिकलमधून मागून आणलेली, स्टिरॉइड घातलेली ‘सगळ्यावर एक’ मलमं इथे सगळ्यात वाईट. लाली दोन दिवसांत गायब होते म्हणून माणूस खूश होतो, आणि आत नायटा निवांत पसरत राहतो.

आता आगीवर काय करायचं. राठ दाढीवाल्याचा पहिला शत्रू ब्लेड नसून घाई आहे. कोरडा केस चिवट असतो. भिजला की पाणी शोषून फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. पण त्याला कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात, तोंडावर दोन ओंजळी मारून भागत नाही. अंघोळीनंतर दाढी केली की हे काम फुकटात होतं. आपल्याकडे ‘आधी दाढी, मग अंघोळ’ ही शिस्त घरातल्या वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली असते. ती निदान राठ दाढीवाल्यानं मोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी सोवळ्याओवळ्याचं घरात बघून घ्यावं.

मग फेस. इथे पाण्याचा फरक पडतो. सातारा शहराच्या काही भागांत कास तलावाचं, म्हणजे पठारावरच्या पावसाचं साठलेलं पाणी येतं. अशा पाण्यात साबण चटकन फेसाळतो. तेच क्रीम घेऊन माण-खटावच्या बाजूला बोअरच्या पाण्यावर दाढी करून बघा. खोल दगडातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणाला धरून त्याचा चिकट साका करतात, फेस उभा राहायच्या आधीच बसतो, आणि माणूस अर्धवट कोरड्या गालावर ब्लेड ओढतो. पाणी उकळून हा जडपणा थोडाच जातो, सगळा जात नाही. अशा ठिकाणी दाढीपुरतं तांब्याभर पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी बाजूला ठेवणं, नाहीतर साबणाऐवजी बिनफेसाचं क्रीम किंवा जेल वापरणं शहाणपणाचं. ब्रशही टाकू नका. ब्रश फेस करतोच, शिवाय आडवे पडलेले केस उभे करतो आणि फेस मुळाशी नेतो.

ब्लेड नवं असावं, हात हलका असावा, केसांच्या दिशेनं फिरवावा, आणि एका जागी दोनदा जायचं झालं तर पुन्हा फेस लावून. राठ दाढीवर दोन-चार दाढ्यांनंतर ब्लेड ओढायला लागतं. ओढलं की बदललं. पैसे वसूल करायची ती जागा नव्हे. नंतर गार पाणी आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. तुरटी कापलेल्या जागेवर रक्त थांबवायला उत्तम, पण सोललेल्या गालावर रोज घासली तर ती कातडी आणखी कोरडी करते.

वरचं सगळं पुळ्यांनाही चालतं, पण पुरत नाही. कारण पुळीचा दोष दाढी वाईट झाल्यात नसून फार ‘चांगली’ झाल्यात असतो. गालावर उलटा हात फिरवल्यावर जराही न लागणारी दाढी आपल्याकडे कारागिराची कसोटी मानतात. मानेवर पुळ्या येणाऱ्यानं ही कसोटीच सोडून द्यायला हवी.

अनेक पात्यांच्या कार्ट्रिजचा मुद्दा इथेच येतो. जिलेटनं 1971 मध्ये ट्रॅक टू हा दोन पात्यांचा रेझर आणला. त्यामागची कल्पना अशी की पहिलं पातं केस कापताना त्याला किंचित बाहेर ओढतं आणि तो आत परतायच्या आधी दुसरं पातं आणखी खाली कापतं. पुढे पाती तीन झाली, पाच झाली. सरळ, मऊ केसाच्या माणसाला ही सोयच आहे. पुळीवाल्याला मात्र हे यंत्र पुळीची ती दुसरी वाट, म्हणजे केस कातडीखाली कापला जाण्याची, मोकळी करून देतं. त्याच कंपनीनं 2010 मध्ये भारतासाठी काढलेला गार्ड एका पात्याचा आहे, किमतीसाठी तसा केलेला. मानेवर पुळ्या असलेल्याला तो महागड्या पाच पात्यांपेक्षा बहुधा जास्त मानवेल. साधा दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझरही चालतो, फक्त हाताला सवय हवी आणि जोर अजिबात नको.

त्याहून सोपा मार्ग ट्रिमरचा. अर्धा ते एक मिलिमीटर खुंट ठेवला की केस कातडीखाली कापलाच जात नाही. दिसायला दाढी केल्यासारखं दिसत नाही, हे खरं. पण आगीलाही हाच उपाय लागू पडतो, म्हणून दोन्ही दुखणी असलेल्यानं सुरुवात इथून करावी.

चिमट्यानं केस उपटू नका. उपटलेल्या जागी नवा केस येतो तो पुन्हा आतूनच वाट शोधत. बाहेर आलेली कमान फक्त निर्जंतुक सुईनं अलगद सोडवावी, खणत बसू नये. सॅलिसिलिक ॲसिडसारखी मेलेल्या पेशी सैल करणारी औषधं पुळ्यांना उपयोगी पडतात. ॲडापॅलीन नावाचं मलमही डॉक्टर देतात. पण ही औषधं आग झालेल्या, सोललेल्या गालावर लावली की माणूस उड्या मारतो. आधी आग शमवा, मगच ही लावा, तीही दाढीच्या दिवशी नको. वर्षानुवर्षांचा त्रास आणि रोज दाढीची सक्ती असेल, तर लेझरनं केस विरळ करणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय. त्यात सावळ्या कातडीसाठी 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित समजला जातो. कोणता लेझर आहे, हे पैसे भरण्याआधी विचारावं.

सलूनात बसल्यावर काय सांगायचं? आगवाल्यानं सांगावं, “दादा, फेस दोनदा लावा, ब्लेड नवं टाका आणि आफ्टरशेव्ह नको.” पुळीवाल्यानं सांगावं, “कातडी ओढू नका, मानेला उलटा हात नको.” कारागिराचा चेहरा जरा पडतो, कारण अर्धवट काम केल्यासारखं त्याला वाटतं. तरी सांगावं. वस्तऱ्यात तुमच्यासमोर नवं अर्धं ब्लेड घातलं की नाही, हे मात्र दोघांनीही बघावं.

आणि घरात लग्न असेल तर दोघांचं वेळापत्रक उलटं असतं. ज्याला आग होते त्यानं आदल्या दिवशी संध्याकाळी दाढी करावी, म्हणजे मुहूर्तापर्यंत लाली उतरते. ज्याला पुळ्या येतात त्यानं महिनाभर आधीपासून ट्रिमरवर राहावं आणि दाढी करायची ती लग्नाच्याच सकाळी. पुळ्या यायच्या त्या पूजेच्या दिवशी येतील, तोवर फोटो झालेले असतात.