खाल्लेलं अंगाला का लागत नाही?

दहावीचं वर्ष, पहाटेचा सराव, संध्याकाळचा क्लास आणि रोज अर्धा परत येणारा डबा. यात उतरलेलं पोर सुट्टीत नीट जेवायला लागतं. महिना होतो तरी काटा हलत नाही, एखाद्या आठवड्यात तर अर्धा किलो कमीच भरतो. मग घरात ते ठरलेलं वाक्य येतं: 'खाल्लेलं अंगाला लागत नाही.' आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते, काका वजन वाढवणाऱ्या पावडरीचा डबा आणतो. मोहऱ्या निदान स्वस्त पडतात.

जंत, थायरॉइड, मधुमेह, सिलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं) यांसारखी कारणं डॉक्टरांनी तपासून बाजूला काढली, की उरलेलं उत्तर साधं आहे. खाल्लेलं लागतंच. फक्त आधी थकलेली बिलं चुकवायला लागतं, आणि ती बिलं काट्यावर दिसत नाहीत.

आपली चूक होते ती सुरुवातीलाच. 'वजन स्थिर आहे, म्हणजे खाणं पुरतंय' असं आपण धरून चालतो. पण वजन दोन प्रकारे स्थिर राहतं. एक, खर्चाइतकं खाल्लं तर. दोन, खाण्याइतका खर्च शरीरानेच खाली आणला तर. कमी खाणाऱ्या मुलाचं वजन सुरुवातीला उतरतं, मग थांबतं. घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण ते थांबणं बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचं असतं.

काटछाट कुठे होते? थायरॉइडचं संप्रेरक टी-४ रक्तात असतं, पण त्याचं जास्त प्रभावी रूप, टी-३, कमी बनू लागतं. त्यामुळे पेशी मंद चालतात, हात गार पडतात, नाडी संथ होते. मुलगा बसल्या जागी पाय हलवायचा थांबतो, जिन्याऐवजी लिफ्ट धरतो. यातलं काहीच तो ठरवून करत नाही.

आणखी एक मोठी काटछाट मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये होते, आणि इथे जरा थांबायला हवं. हा भाग एक संप्रेरक सलग सोडत नाही, ठोक्याठोक्याने सोडतो. त्या ठोक्यांवर पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक सोडते. पाळीच्या चक्राच्या पहिल्या पंधरवड्यात हे साधारण तास-दीड तासाने होतं. ठोका नियमित असेल तर मुलींमध्ये इस्ट्रोजेन आणि मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन तयार होतं. ठोका विरळ झाला, की पाळी लांबते, मग थांबते. हाडात कॅल्शियम बसणं मंदावतं. किती मिळकत कमी झाली की ठोका चुकतो, हे अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात अॅन लाऊक्स यांनी मोजलं. निरोगी, नियमित पाळी असलेल्या तरुणींना ५ दिवस ठरावीक व्यायाम आणि ठरावीक आहार दिला, आणि दर १० मिनिटांनी रक्त तपासून ठोके मोजले. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: व्यायामाचा खर्च वजा जाता, शरीरातली चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४५ कॅलरी उरत होत्या तेव्हा ठोके ठीक होते, ३० च्या खाली गेल्यावर ते विरळ झाले. पाच दिवसांत! वजनात नाव घेण्यासारखा फरक पडायच्या आधी. (३० ही काही लक्ष्मणरेषा नाही. कुणाचं आधी बिघडतं, कुणाचं नंतर, आणि वाढीच्या वयात जपून राहावं हे बरं.)

म्हणजे महत्त्वाचा आकडा किती खाल्लं हा नव्हे, व्यायाम वजा जाता किती उरलं हा आहे. सोळा वर्षांची, ५० किलोची खो-खोपटू घ्या. चरबी सोडून तिचं वजन ४० किलो धरू. ४० गुणिले ४५ म्हणजे १८००. दोन तासांच्या सरावाचे ६०० मिळवले की झाले २४००. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली १६ ते १८ वयाच्या मुलींसाठी दिलेला २५०० चा आकडा याच्या जवळच येतो (त्याच वयाच्या मुलांसाठी ३३२०). आता हीच मुलगी १७०० कॅलरी खाते असं समजू. 'मुलीच्या मानाने चांगलं जेवते' असंच घरी वाटेल. ६०० वजा केले की उरले ११००, म्हणजे किलोमागे साडेसत्तावीस. ठोका चुकण्याच्या पट्ट्यात. 'खूप खेळते म्हणून पाळी येत नाही, चालायचंच' हे मैदानावर सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. पाळी खेळल्याने थांबत नाही, खेळून न खाल्ल्याने थांबते.

आता पुन्हा खायला लागल्यावर काय होतं ते पाहू. टी-३ वाढतं, नाडी पूर्ववत होते, हात गरम लागतात, पाय हलू लागतात. बंद पडलेली दुकानं एकेक करून उघडतात आणि प्रत्येकाला भांडवल लागतं. काल ज्या खाण्यावर वजन स्थिर होतं, तेच खाणं आज कमी पडतं. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं, विश्रांतीतला ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. नंतर खाणं वाढवताना, त्या अर्धपोटी आहारापेक्षा दिवसाला फक्त ४०० कॅलरी जास्त मिळालेल्या गटाची प्रगती रखडलीच. सावरायला काही महिने दिवसाला ४००० च्या आसपास लागतात, असं कीज यांचं मत झालं. ते सगळे प्रौढ पुरुष होते, त्यामुळे आकडा उचलून मुलांना लावू नये. दिशा मात्र तीच. जाता जाता: 'कमी खाल्लं की उलट चरबी वाढते' हा समाजमाध्यमांवरचा लाडका दावा या प्रयोगापुढे टिकत नाही. त्या माणसांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

स्वयंपाकघरात याचा अर्थ काय? दोन पोळ्या, भाजी, आमटी, थोडा भात हे ताट भरलेलं दिसतं, पण साधारण ५०० कॅलरींचं असतं. अशी तीन ताटं म्हणजे १५००. चौथं ताट पोटात मावत नाही, कारण बरेच दिवस कमी खाल्ल्यावर जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो आणि दोन घासांत पोट तट्ट वाटतं. काही आठवड्यांत हे कमी होतं. तोवर ताट मोठं करण्यापेक्षा घट्ट करावं. वाटीभर कुरमुरे ५० कॅलरींच्या आत, वाटीभर शेंगदाणे ५०० च्या आसपास, वाटी तीच. भाजीत दोन मोठे चमचे दाण्याचं कूट (११०), आमटी-भातावर दोन लहान चमचे तूप (९०), म्हशीच्या दुधाचा मोठा पेला (सव्वादोनशे), एक केळं (१००): ताट तेवढंच राहून दिवसाचे सव्वापाचशे वाढले. जेवणाआधी तांब्याभर पाणी किंवा वाडगाभर काकडी नको. ती जेवणाची जागा खाते.

वेळाही पाहाव्या. पहाटे साडेपाचला उपाशीपोटी मैदान आणि पहिला घास साडेनऊला, हे मोडायला हवं. निघताना केळं किंवा गूळ-शेंगदाणे, सराव संपल्यावर तासाभरात दूध-अंडी किंवा थालीपीठ-दही. भुकेची वाट पाहू नये. या काळात भूक हा भरवशाचा काटा नसतो. दर दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी. पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो एकदम वाढलं तर घाबरू नये: स्नायूंत साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (हा साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. त्यानंतर दोन आठवडे काटा खाली जात असेल, तर दिवसाला आणखी ३०० कॅलरी. आणि वाढत्या वयात 'वजन टिकवणं' म्हणजे आकडा तोच ठेवणं नव्हे. चौदाव्या वर्षी वर्षभर ४२ किलोवरच असलेला, पण सहा सेंटीमीटर उंच झालेला मुलगा वाळलाच आहे.

एक ठिकाण मात्र घरच्या प्रयोगाचं नाही. वजन फार झपाट्याने उतरलं असेल, पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, चक्कर येत असेल किंवा नाडी ५० च्या खाली असेल, तर खाणं वाढवण्याआधी डॉक्टर. अशा शरीरात एकदम साखर-पिष्ट गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींमध्ये खेचलं जातं आणि हृदयाचा ताल बिघडू शकतो. खायलाच भीती वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञही हवेत.

तीन महिने पाळी आली नाही, पंधरा पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, किंवा नडगीचं दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतंय, तरीही दाखवून घ्यावं. गोळ्या देऊन आणलेली पाळी मात्र हिशेबात धरू नये. ती गोळ्यांमुळे येते, हायपोथॅलॅमसचा ठोका तोवर विरळच राहिलेला असू शकतो.