गुडघ्यातला पू काढायचा कसा?

लावणीच्या दिवसांत तळकोकणात गुडघा सुजला की पहिलं निदान घरातच होतं. ‘वात आसा, जायत बरो.’ मग लेप, शेक आणि आणखी चार दिवस चिखलात. बहुतेक वेळा ते निभावतंही. पण ताप भरला, गुडघा हाताला गरम लागला आणि जरा हलवला तरी जीव कळवळला, तर सांध्यात जंतू शिरलेले असू शकतात. मोठ्या माणसांत बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस. सुईने काढलेलं पाणी काचेच्या नळीत घेऊन मागे वर्तमानपत्र धरायची जुनी युक्ती आहे. निरोगी सांध्याच्या पाण्यातून अक्षरं वाचता येतात, पू असेल तर मथळाही दिसत नाही. गढूळपणा इतर कारणांनीही येतो, म्हणून नळी पुढे लॅबमध्ये जाते.

एकोणिसाव्या शतकात गुडघा उघडायलाच सर्जन घाबरत. उघडलेला सांधा सडायचा आणि पाय कापावा लागायचा. जोसेफ लिस्टरने ऑक्टोबर १८७७ मध्ये लंडनला फुटलेली वाटी तारेने बांधण्यासाठी पू नसलेला गुडघा मुद्दाम उघडला, आणि जखम निर्जंतुक ठेवल्याने ती भरली. पण पू झालेल्या गुडघ्याचं तसं नव्हतं. नळ्या घालायच्या, पाय आठवडेच्या आठवडे फळीला बांधायचा. पाय वाचला तरी ताठ.

पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या चार्ल्स विलेम्सने याच्या नेमकं उलट केलं. सांधा उघडा ठेवायचा आणि सैनिकाला लगेच पाय हलवायला लावायचा, म्हणजे हालचालीनेच पू बाहेर पिळला जातो. वाचतानाही अंगावर काटा येतो, पण तर्क चोख होता. औषध नव्हतं तेव्हा!

दुसरी वाट जपानमधली. जमिनीवर बसणाऱ्या लोकांना क्षयाने ताठलेला गुडघा किती नडतो, हे पाटावर जेवलेल्या कोकण्याला वेगळं सांगायला नको. टोकियोच्या केंजी ताकागींनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण शवाच्या गुडघ्यात घातली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘क्रमांक २१’ ही वापरण्याजोगी दुर्बीण तयार केली. दरम्यान पेनिसिलिन आलं होतं.

म्हणून आज तीन वाटा आहेत: सुईने पुन्हा पुन्हा पाणी काढणं, दुर्बिणीने सांधा धुणं, किंवा उघडून साफ करणं. सोबत काही आठवडे अँटिबायोटिक. पू घट्ट झाला, कप्पे पडले की सुई पुरत नाही. हाडापर्यंत गेलं तर बहुधा उघडावंच लागतं. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, ती काही दिवसांतच झिजते आणि पुन्हा नीट भरत नाही. बदललेल्या कृत्रिम गुडघ्याचं प्रकरण वेगळं. जॉन इन्सॉल यांच्या गटाने १९८३ मध्ये मांडलेली पद्धत त्यात अजून वापरली जाते: आधी सांधा काढायचा, जंतू मारायचे, मग नवा बसवायचा.

आमच्याकडे अडचण येते ती या सगळ्याच्या आधी. पाणी तपासायच्या आत मेडिकलमधून आणलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या पोटात गेलेल्या असतात, आणि मग लॅबमध्ये जंतू उगवतच नाहीत. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात किंवा कोल्हापूरला पोचलं की डॉक्टर आधी विचारतात, ‘गोळ्या कुठल्या घेतल्या? पाकीट आणलंय?’ पाकीट बहुधा घरी राहिलेलं असतं.