टीव्हीच्या मोठ्या लेन्सला ऑटोफोकस इतका उशिरा का आला

मोबाईलच्या स्क्रीनवर बोट ठेवलं की फोकस होतो, त्यामुळे मॅच दाखवणाऱ्या त्या अवाढव्य कॅमेऱ्यांवर आजही बहुतेक वेळा माणूस हाताने फोकस करतो हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पण तसंच आहे. आणि ऑटोफोकसची एक मूळ कल्पना टीव्ही कॅमेऱ्यासाठीच मांडली गेली होती, तीही १९६५ साली, जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेत म्हणजे एनएचके मध्ये.

तिथल्या इशिदा आणि फुजिमुरा या दोन इंजिनिअरांचं म्हणणं साधं होतं. चित्र शार्प असतं तेव्हा व्हिडिओ सिग्नलमध्ये बारीक तपशिलाचा, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सीचा भाग सगळ्यात जास्त असतो, फोकस गेला की तो कमी होतो. मग मोटरने लेन्स थोडी हलवायची, तो भाग वाढला तर त्याच दिशेने जायचं आणि कमी झाला तर उलटं फिरायचं. दाट धुक्यात डोंगर चढणारा माणूस कसा फक्त पायाखालच्या चढावर विश्वास ठेवून माथा शोधतो, तसंच. या पद्धतीला हिल क्लाइंबिंग सर्व्हो असंच नाव पडलं आणि पुढे घरगुती कॅमकॉर्डरमध्ये, डिजिटल कॅमेऱ्यात जो काँट्रास्ट ऑटोफोकस आला त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

अडचण पण त्यातच आहे. माथा आला हे कळायला माथा ओलांडून थोडं खाली उतरावंच लागतं, म्हणजे फोकस आधी बरोबर जागेच्या पुढे जातो आणि मग परत येतो. लग्नाच्या शूटिंगमध्ये हे हंटिंग चालून जातं, पण लाइव्ह प्रसारणात तो हेलकावा लाखो लोकांना दिसतो आणि एडिटिंगमध्ये कापायची सोयच नसते. म्हणून टीव्हीवाल्यांनी ही गोष्ट बरीच वर्षं लांबच ठेवली आणि मला वाटतं त्यांचं तेव्हा बरोबरच होतं.

मधल्या काळात फोटोवाले पुढे गेले. १९७७ ला कोनिकाचा सी३५ एएफ आला, त्यात हनीवेल कंपनीचं मॉड्यूल होतं, १९७८ ला पोलरॉइडने अल्ट्रासाउंडने अंतर मोजणारा कॅमेरा काढला (त्याला काचेपलीकडचं दिसायचं नाही, आवाज काचेवरूनच परत यायचा), आणि १९८५ ला मिनोल्टाच्या ७००० ने एसएलआरचं, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या फोटो कॅमेऱ्यांचं, जगच बदललं. यातला फेज डिटेक्शनचा मार्ग टीव्हीसाठी पुढे फार कामाचा ठरला. त्यात लेन्सच्या दोन वेगळ्या भागांतून आलेल्या प्रतिमा एकमेकांशी ताडून बघतात, त्या किती आणि कुठल्या बाजूला सरकल्यात त्यावरून फोकस कुठे हलवायचा आणि किती हे एकदम कळतं, चाचपडावं लागत नाही.

तरी टीव्हीची लेन्स हा वेगळाच प्राणी आहे. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर तीन-चार लेन्सचं फिरतं चाक असायचं, १९४७ च्या सुमारास फ्रँक बॅक यांची झूमार लेन्स अमेरिकन टीव्हीवर आली आणि एकाच लेन्सने लांबचं जवळ आणता यायला लागलं. पुढे झूम करताना फोकस न हलणाऱ्या लेन्स हे टीव्हीचं हत्यारच झालं. पूर्ण झूम इन करून फोकस लावायचा, मग हवं तेवढं झूम आउट यायचं, फोकस तिथंच राहतो. कॅमेरामनच्या एका हातात झूमचा कंट्रोल, दुसऱ्या हातात फोकसचा, आणि वर्षानुवर्षं मॅचेस करून हाताला अशी सवय होते की फटका बसला की बॉल कुठे पडणार ते डोक्याच्या आधी मनगटाला कळतं. या कौशल्याला एसडीच्या, म्हणजे जुन्या कमी तपशिलाच्या टीव्हीच्या काळात मशीनची गरजच नव्हती, कारण थोडं सॉफ्ट म्हणजे धूसर गेलं तरी घरच्या टीव्हीवर कुणाला कळायचं नाही.

जास्त तपशिलाचं एचडी आलं आणि गणित बिघडलं. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये शार्प दिसणारा शॉट कंट्रोल रूमच्या मोठ्या मॉनिटरवर सॉफ्ट निघायला लागला, म्हणजे ज्याने फोकस करायचा त्याच्याच डोळ्यासमोर पुरेसा तपशील नाही! याला उत्तर म्हणून २००० नंतरच्या दशकात फुजिनॉन या लेन्स कंपनीने प्रिसिजन फोकस नावाची मदतनीस सिस्टिम आणली. लेन्सच्या आतच थोडा प्रकाश बाजूला काढून जादा सेन्सरवर टाकायचा, एक सेन्सर खऱ्या फोकसच्या जरा पुढे आणि एक जरा मागे, दोन्हीकडचा शार्पनेस सारखा आला की मधोमध बरोबर. दिशा लगेच कळते, हंटिंग टळतं. कॅननने त्याच दशकात आपल्या मोठ्या डिजीसुपर लेन्समध्ये फेज डिटेक्शनचा एएफ (ऑटोफोकस) बसवला, सतत चालू ठेवा किंवा बटण दाबलं तेवढ्यापुरता वापरा.

हे सगळं लेन्सच्या पोटात का, कॅमेऱ्यात का नाही? कारण ब्रॉडकास्ट कॅमेऱ्यात प्रिझम प्रकाशाचे लाल हिरवा निळा असे तीन भाग करतो आणि तीन सेन्सरना देतो, मोबाईलसारखं एकाच सेन्सरच्या पिक्सेलमध्ये फेजचं काम बसवून टाकलं असं तिथं सहज होत नाही, आणि वर लेन्स एका कंपनीची, कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा, मध्ये दोघांना जोडणारा बी४ माउंट. खांद्यावरच्या लेन्समध्ये जागा नसते, पण स्टँडवरच्या त्या पेटीसारख्या लेन्समध्ये असते, म्हणून एएफ आधी तिथं शिरला.

खरा रेटा मात्र ४के ने दिला, आणि हे आकड्यात बघण्यासारखं आहे. २/३ इंची सेन्सरवर चित्राची रुंदी साधारण ९.६ मिमी. एचडीचे १९२० पिक्सेल त्यात बसवले तर एक पिक्सेल ५ मायक्रॉनचा, ४के चे ३८४० बसवले तर २.५ मायक्रॉनचा. आता ९०० मिमी झूम, ॲपर्चर एफ ५, आणि खेळाडू १०० मीटरवर असा हिशोब केला तर एक पिक्सेलएवढा धूसरपणा चालवून घेतला तरी एचडीमध्ये पुढे-मागे मिळून शार्प दिसणारं अंतर ६० सेंमीच्या आसपास येतं आणि ४के मध्ये जेमतेम ३० सेंमी. धावत येणारा फास्ट बॉलर एका पावलातच याच्या बाहेर जातो. कितीही मुरलेला कॅमेरामन असो, त्याच्याकडून दिवसभर, प्रत्येक बॉलला हे अचूक व्हावं अशी अपेक्षा ठेवणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

म्हणून २०२० च्या आगेमागे फुजिनॉनची यूए१०७x८.४ एएफ आली, ८.४ ते ९०० मिमी, आत फेज डिटेक्शनचा सेन्सर, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार साधारण अर्ध्या सेकंदात फोकस. कॅननच्या ८.२ ते १००० मिमीच्या १२२ पट झूमलाही पुढे एएफची आवृत्ती मिळाली. पण मैदानावर अजून कॅमेरामन हात काढून बसलेला नाही. फ्रेममध्ये बॅट्समन, कीपर, अंपायर असे तिघं असतील तर कोणावर जायचं ते मशीनला आपोआप ठरवता येत नाही, ते कॅमेरामन एएफची चौकट हलवून सांगतो, आणि मध्येच कुणी समोरून गेलं की कंट्रोल हाताने परत घेतो.