हिरव्या माणसाला पाय फुटले तेव्हा

तैपेईत रस्ता ओलांडायला उभं राहावं, तर समोरच्या खांबावरचा हिरवा माणूस आपल्याआधी चालायला लागतो. हात हलवत, पाय टाकत, अगदी रमतगमत. वरच्या चौकटीत सेकंद उलटे मोजले जात असतात. आकडा उतरत गेला की गड्याची चाल वाढते आणि शेवटी तो चक्क पळत सुटतो. मग लाल दिवा लागतो, आणि त्यातला लाल माणूस ताठ उभा. तिथले लोक या हिरव्याला 'श्याओ ल्यू रेन' म्हणतात, म्हणजे छोटा हिरवा माणूस. १९९९ मध्ये शहराच्या प्रशासकीय इमारतीजवळच्या चौकात तो पहिल्यांदा चालला, आणि पुढे तैवानभर पसरला.

पण १९९९ मध्येच का? पादचाऱ्यांचे सिग्नल तर त्याआधी कित्येक दशकं होतेच. जुना सिग्नल म्हणजे एक बल्ब, त्यापुढे रंगीत काच, आणि माणसाच्या आकाराची जागा सोडून बाकी सगळं काळं. असा माणूस चालवायचा तर प्रत्येक पावलाला वेगळा बल्ब आणि वेगळी काच लागणार. एलईडीच्या ठिपक्यांनी हे सोपं केलं, कारण त्यातला हवा तो ठिपका पेटवता येतो, हवा तो विझवता येतो. अडचण हिरव्या रंगाची होती. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता, पण हिरवा म्हणून जो मिळायचा तो पिवळट आणि मिणमिणता. भर उन्हात रस्त्यापलीकडून दिसण्याची त्याची ताकद नव्हती. शिवाय सिग्नलचा हिरवा थोडा निळ्याकडे झुकलेला लागतो, म्हणजे लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या माणसालाही फरक कळतो. १९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडपासून लख्ख निळा एलईडी बनवला. त्याच घराण्यातल्या पदार्थात इंडियमचं प्रमाण वाढवून पुढच्या दोनेक वर्षांत तसाच लख्ख हिरवाही निघाला. निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल मिळालं तेव्हा घरातल्या पांढऱ्या दिव्यांचं भरपूर कौतुक झालं. सिग्नलवरच्या या बुटक्याची आठवण मात्र कुणी काढली नाही.

अर्थात खांबावर चालत कुणीच नसतं. ठिपके लागतात आणि विझतात, एवढंच. एका चित्रानंतर किंचित बदललेलं दुसरं चित्र झटकन आलं की मधली हालचाल आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये याचा नीट अभ्यास मांडला, आणि सिनेमाही याच भांडवलावर चालतो. एलईडीच्या सिग्नलचं मोबाइलवर चित्रण करून पाहा. पुष्कळदा त्यात पट्टे सरकताना किंवा दिवा लुकलुकताना दिसतो, कारण तो सेकंदाला कित्येक वेळा विझत असतो. कॅमेऱ्याला ते दिसतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

त्यातही चालणारा माणूस ओळखण्यात आपला मेंदू फारच पटाईत. स्वीडनच्या गुन्नर योहान्सन यांनी १९७३ मध्ये माणसांच्या सांध्यांवर डझनभर दिवे लावून त्यांचं अंधारात चित्रण केलं. माणूस स्थिर असताना बघणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसायचे. त्याने पाऊल उचललं की क्षणात कळायचं, हा तर माणूस चालतोय! म्हणून मोजक्या ठिपक्यांचं ओबडधोबड चित्रही पुरतं. शिवाय नजरेच्या कडेला बारकावे दिसत नसले तरी हालचाल लगेच जाणवते. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या माणसालाही खांबावरची पळापळ खुणावू शकते.

मला खटकते ती ही पळापळच. पळणारा माणूस नेमकं काय सांगतो: 'आता निघू नकोस' की 'धाव, पोचशील'? हिरव्या दिव्याचा वेळ ठरवताना सेकंदाला १.२ मीटर ही चाल अनेक ठिकाणी धरली जाते. म्हणजे १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. गुडघे धरलेल्या आजींना हे कुठून जमायचं? अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमावलीत २००९ मध्ये हा वेग सेकंदाला ४ फुटांवरून साडेतीनवर आणला गेला. तो बदल मला कुठल्याही नाचऱ्या चित्राहून मोलाचा वाटतो.

लोकांना मात्र चित्रच आवडतं. श्याओ ल्यू रेन कधीकधी धडपडून पडतो, अशी दंतकथा तैवानात आहे. २०१८ च्या व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास पिंगतुंगमध्ये त्याचं जुळलंसुद्धा: हिरव्या दिव्यात दोघं हातात हात घालून चालणार, लाल दिव्यात तो गुडघ्यावर बसून मागणी घालणार. लिस्बनमध्ये २०१४ साली एका मोटार कंपनीने जाहिरातीसाठी लाल माणसालाच नाचवलं. जवळच्या खोलीत लोक नाचायचे आणि त्यांची हालचाल तिथल्या तिथे सिग्नलवर उमटायची. त्यामुळे ८१ टक्के जास्त लोक थांबले, असा कंपनीचा दावा. हिशेब जाहिरात करणाऱ्यांचाच, तेव्हा चिमूटभर कमी धरावा.

आपल्याकडे २०२० मध्ये मुंबई महापालिकेने दादर भागातल्या सिग्नलांवर बाईची आकृती बसवली. बाई म्हणून ओळखू यावी यासाठी तिला त्रिकोणी फ्रॉक घातला. दादरच्या बाजारात फ्रॉकातल्या बायका किती दिसतात हा भाग वेगळा, पण एवढ्याशा चौकटीत निऱ्या आणि पदर बसवायचा तरी कसा!