वूफर कशाने जळतो : मोटारीतील क्लिपिंगच्या वादाची पार्श्वभूमी

विदर्भाच्या ग्रामीण भागात वूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, दुरुस्तीला येण्याचे हंगाम बहुधा ठरलेले असतात. एक उन्हाळ्यातील लग्नसराईचा आणि दुसरा पोळ्यापासून दुर्गादेवीच्या विसर्जनापर्यंतचा. वरातीपुढच्या पिकअपमधील, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलेला किंवा काळीपिवळीच्या मागच्या सीटखालचा वूफर टेबलावर येतो आणि निदान बहुतेक वेळा एकच ऐकायला मिळते : आवाज वाढवणारा अ‍ॅम्प कमी वॅटचा होता, तो क्लिप झाला, म्हणजे आवाजाची लाट माथ्यावर कापली गेली, आणि कॉईल, म्हणजे स्पीकरमधील तारेचे वेटोळे, जळली. त्यावरचा उपायही ठरलेला असतो, तो म्हणजे मोठा अ‍ॅम्प. काही महिन्यांनी नवा वूफरही त्याच टेबलावर येतो. हे निदान पूर्णपणे खोटे नाही. परंतु ते दुसऱ्या काळातून आणि दुसऱ्या प्रकारच्या स्पीकरवरून आपल्याकडे आले आहे, आणि त्याची किंमत ग्राहकाला आजही मोजावी लागते.

मोटारीत रेडिओ बसवण्याची सुरुवात अमेरिकेत १९३० च्या सुमारास झाली. तेव्हाचे संच काचेच्या व्हॉल्व्हचे असत आणि बॅटरी ६ व्होल्टची असे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १२ व्होल्टची बॅटरी रुळली, पुढे ट्रान्झिस्टर आले, आणि मोटारीतील आवाजाची खरी मर्यादा तेव्हाच ठरून गेली. इंजिन सुरू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा वीजनिर्माता, साधारण १४.४ व्होल्ट देतो. व्होल्टेज वाढवणारी वेगळी व्यवस्था नसेल, तर स्पीकरची दोन्ही टोके उलट-सुलट चालवणाऱ्या ब्रिज पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्येसुद्धा लाट त्या १४.४ व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. त्याहून मोठी लाट मागितली, तर तिचा माथा त्या पातळीवर सपाट होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात.

या हिशेबातून निघणारा एक आकडा पुढच्या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी आहे. १४.४ व्होल्टची शुद्ध साइन लाट, म्हणजे एकाच सुराची गोलसर लाट, ४ ओहम रोधाच्या स्पीकरला दिली, तर सुमारे २६ वॅट मिळतात, आणि आयसीतील (अ‍ॅम्पच्या मुख्य चिपमधील) घट वजा जाता प्रत्यक्षात १८ ते २२. तीच लाट पूर्ण क्लिप होऊन चौकोनी झाली, तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळजवळ ५२ वॅट होतात. डेकच्या, म्हणजे गाडीतील गाणी वाजवणाऱ्या संचाच्या, दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘५० वॅट × ४’ ते हेच. म्हणजे ग्राहक जो आकडा पाहून डेक घेतो, तो आवाज पूर्ण फाटल्यानंतरचा असतो.

आपल्याकडे मात्र या विषयाची खरी ओळख डेकमुळे झाली नाही; ती झाली ४४४० नावाच्या आयसीमुळे. तालुक्याच्या गावात इलेक्ट्रॉनिक्सचे एकच दुकान असले, तरी तिथे ४४४० चा तयार बोर्ड मिळत असे. लाकडी किंवा पत्र्याच्या डब्यात तो बसवायचा, मागे अ‍ॅल्युमिनियमचा उष्णता घालवणारा हिटसिंक कसायचा, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून थेट वायर ओढायची. या आयसीच्या माहितीपत्रकात ब्रिज जोडणीसाठी १९ वॅटचा आकडा आहे, आणि तो १० टक्के विकृती, म्हणजे लाटेचा बिघाड, गृहीत धरून दिलेला आहे. इथेही आकड्यात क्लिपिंग आधीच मोजलेले होते. त्याच सुमारास टू-इन-वनच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’च्या नावाखाली, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे म्हणून, हजारांचे आकडे झळकत होते. घरोघरी तेच वाचून वाढलेल्या ग्राहकाला १९ वॅट ही फसवणूक वाटली, तर त्यात त्याचा दोष नव्हता.

१२ व्होल्टच्या भिंतीपलीकडे जाण्याचा मार्ग म्हणजे अ‍ॅम्पमध्येच व्होल्टेज वाढवणारा पुरवठा बसवणे. १९८० च्या दशकात अमेरिकेत मोटारींतील आवाजाच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि या तंत्राला जोर आला. स्पर्धेतील गट अ‍ॅम्पच्या छापील वॅटवरून पडत असल्यामुळे काही निर्मात्यांनी ४ ओहमवर मुद्दाम कमी वॅट लिहिलेले, पण अर्ध्या ओहमवर शेकडो वॅट देणारे अ‍ॅम्प काढले. एका बाजूला फुगवलेले आकडे आणि दुसऱ्या बाजूला दाबलेले, अशी परिस्थिती बराच काळ राहिली. २००३ मध्ये तिथल्या उद्योगसंघटनेने मोजमापाचे मानक आणले : १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि विकृती १ टक्क्याच्या आत. ते ऐच्छिक होते आणि आजही ऐच्छिक आहे. आपल्या बाजारात बेस ट्यूबवर, म्हणजे नळकांड्यात बसवलेल्या वूफरवर, छापलेल्या आकड्याचा त्याच्याशी सहसा संबंध नसतो.

आता मूळ वाद. ‘कमी ताकदीचा अ‍ॅम्प स्पीकर जाळतो’ हे वाक्य घरगुती हाय-फाय संचांच्या काळात रूढ झाले, आणि तिथे त्याला आधार होता. त्या खोक्यांत एकच अ‍ॅम्प मोठा स्पीकर आणि बारीक आवाजाचा ट्वीटर दोन्ही चालवत असे. व्हॉल्यूम वाढवला की जाड आवाजाची लाट माथ्यावर कापली जाई आणि तिथेच थांबे. बारीक आवाजाची पातळी मात्र वाढतच राही, शिवाय कापलेल्या लाटेतून निघणाऱ्या वरच्या कंपनांची त्यात भर पडे. नाजूक ट्वीटरला त्याच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त शक्ती मिळे आणि तो जळे. निदान बरोबर होते, पण ते ट्वीटरचे होते.

तेच निदान वूफरला लावताना तीन कारणे सांगितली जातात. पहिले असे की, सपाट माथा म्हणजे डीसी, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. हे चुकीचे आहे. दोन्ही बाजूंनी सारखी कापलेली लाट वर-खाली होतच राहते आणि तिची सरासरी शून्यच असते. दुसरे असे की, माथा सपाट असताना कॉईल एका जागी थांबते आणि तिला हवा लागत नाही. हेही टिकत नाही. पूर्ण चौकोनी लाटेतील मूळ कंपन तिच्या माथ्याच्या १.२७ पट असते, म्हणून क्लिप झालेल्या ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनांच्या) लाटेत कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, पूर्वीपेक्षा थोडा जास्तच हलतो. तिसरे कारण वरच्या कंपनांचे. ४० हर्ट्झमधून १२० आणि २०० हर्ट्झची कंपने निघतात हे खरे आहे, आणि आवाज कर्कश होतो तोही त्यामुळेच. पण वूफरच्या जाड कॉईलला ती कंपने विशेष घातक नसतात.

उरते ती एकूण शक्ती, आणि माझ्या मते सारा प्रश्न तिथेच आहे. १०० वॅटचा अ‍ॅम्प कितीही क्लिप केला, तरी तत्त्वतः २०० वॅटच्या आसपास थांबतो, आणि प्रत्यक्षात पुरवठा खचल्यामुळे तेवढेही देत नाही. ५०० वॅट सतत सोसणारा वूफर त्याने जळणार नाही. परंतु खोक्यावर ५०० लिहिलेला वूफर प्रत्यक्षात १५० वॅटच सतत सोसत असेल, तर तोच अ‍ॅम्प त्याचा घास घेईल, आणि दोष मात्र अ‍ॅम्पच्या ‘कमीपणा’वर जाईल. अशा वेळी मोठा अ‍ॅम्प सुचवणे म्हणजे आजार वाढवणे आहे.

जळलेला वूफर उघडला की कारण दिसते. स्पायडर, म्हणजे कॉईलला मध्यभागी धरून ठेवणारी चकती, शाबूत असतो, कोनला चीर नसते, पण कॉईलचा तांबूस रंग जाऊन ती काळपट तपकिरी झालेली असते, वेटोळे सैल पडलेले असतात, कॉईल ज्यावर गुंडाळलेली असते तो आतला फॉर्मर फुगून चुंबकाच्या फटीत घासत असतो, आणि जळक्या वार्निशचा वास बोटांना चिकटतो. हा उष्णतेचा मृत्यू आहे. कॉईल फटीबाहेर फेकली गेली असेल किंवा स्पायडर फाटला असेल, तर कारण वेगळे, म्हणजे कोनची चाल मर्यादेपलीकडे गेलेली असते. दोन्हींना ‘क्लिप झाला’ म्हणणे योग्य नाही. उष्णतेचा आणखी एक परिणाम असा की, तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉईल २०० अंशांनी तापली तर रोध जवळजवळ १.८ पट होतो, आवाज पडतो, आणि चालवणारा नेमका तेव्हाच व्हॉल्यूम वाढवतो.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. डी क्लासचे अ‍ॅम्प स्वस्त झाले आणि त्यांच्यासोबत बेस बूस्टचा खटका प्रत्येक गाडीत आला. ४५ हर्ट्झच्या आसपास १२ डेसिबलची वाढ म्हणजे तिथे १६ पट शक्तीची मागणी. अ‍ॅम्पकडे ती असणे शक्यच नसते. गेनचे बटण हे व्हॉल्यूमचे बटण समजून शेवटपर्यंत फिरवले जाते. वास्तविक गेनचे काम डेकच्या सिग्नलशी अ‍ॅम्पचा मेळ घालण्याचे आहे. त्यातच मोबाइलच्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये भरून मिळणाऱ्या रिमिक्स गाण्यांतील बेसची लाट बहुधा आधीच माथ्यावर कापलेली असते. अशा गाण्यात शांत जागाच उरत नाहीत आणि कॉईलला निवायला क्षणाचीही उसंत मिळत नाही. इथे गेन कमी केल्याने आवाज स्वच्छ होत नाही. सरासरी शक्ती मात्र उतरते आणि वूफर वाचतो. शक्तीचा मुद्दा सिद्ध करणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

वऱ्हाड-नागपूरकडे हवामान आणि वायरिंग यांचाही यात मोठा वाटा आहे. अकोला किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद डिक्कीत हिटसिंक निवणार तरी कसा? बारीक किंवा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरमुळे अ‍ॅम्पपर्यंत पोहोचताना १४.४ चे १२ व्होल्ट झाले, तर साध्या पुरवठ्याच्या अ‍ॅम्पची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटते आणि क्लिपिंग तितके लवकर येते. वरातीत गाडी तासन्‌तास जागच्या जागी रेंगाळते, इंजिन मंद गतीवर असते, अल्टरनेटर पुरेसा प्रवाह देत नाही आणि सारा भार बॅटरीवर येतो. ट्रॅक्टरची स्थितीही फारशी वेगळी नसते.

अलीकडे काही कारागीर ५० हर्ट्झचा टोन लावून मल्टिमीटरने गेन बसवतात. ३०० वॅट आणि ४ ओहमसाठी सुमारे ३४.६ व्होल्टवर थांबायचे, हा त्यातील हिशेब. त्यात वॅटचा आकडा वूफर सतत सोसेल तोच घ्यावा लागतो, खोक्यावरचा नव्हे. शिवाय साधा मल्टिमीटर साइन लाट गृहीत धरतो, त्यामुळे लाट कापली गेली की त्याचे वाचन फसवे होते. लाटेचे चित्र पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर सपाट माथा थेट दिसतो, आणि हाताच्या पंजाएवढे ऑसिलोस्कोप आता कारागिराला परवडतील अशा किमतीत मिळू लागले आहेत. नव्या काही अ‍ॅम्पवर क्लिपिंग सुरू होताच पेटणारा दिवाही असतो. मात्र तो त्या अ‍ॅम्पमधील क्लिपिंग दाखवतो, डेकमध्ये किंवा गाण्यातच कापली गेलेली लाट त्याला ओळखता येत नाही.