एक गुंठा, ५० मिलिमीटर आणि सराफ बाजार

नाशकात पुराचं माप म्हणजे गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं की निम्मं गाव गाड्या काढून गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, बघायला जातं, २००८ आणि २०१६ चे पूर तर सगळ्यांच्याच लक्षात असतील. पण सराफ बाजारात कुणालाही विचारा, कधीकधी गंगापूर धरणातून विसर्ग नसतो, गंगेला पूरही नसतो, आणि तरी दुकानांत पाणी शिरतं. ते येतं सरस्वती नाल्यातून. नाला आता बराचसा झाकलाय, आणि आजूबाजूच्या भागातलं पाणी त्याच्यात एकदम येऊन पडतं.

एकदम, हीच खरी गोम आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे तिथे ५० मिलिमीटर पाऊस झाला तर झालं ५ हजार लिटर, एक छोटा टँकरच की! उघडी माती आणि गवत असेल तर यातलं बरंचसं मुरतं, उरलेलं रेंगाळत जातं. काँक्रीट किंवा छप्पर असलं की ८० ते ९५ टक्के पाणी वाहून जाणार असंच धरून गटाराचा हिशोब करतात. म्हणजे पाऊस तेवढाच, नाला तेवढाच, पण पाणी कितीतरी जास्त आणि तेही आधी पोचणारं. पेव्हर ब्लॉकच्या फटीतून मुरतं म्हणतात, मुरतं ना, पण खाली पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, ओतलेलं नसेल तर.

आता उन्हाळा. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ साठतच नाही, ते राहतं भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. हा साठा मुळातच लहान, दर पावसाळ्यात भरला तरच पुढे पुरणार. म्हणून ऑगस्टमध्ये जी सोसायटी पार्किंगमधलं पाणी मोटर लावून रस्त्यावर फेकते तीच मे महिन्यात बोअर आटला म्हणून टँकर मागवते. रामकुंडाजवळच्या कुंडांच्या तळाचं काँक्रीट काढा, झरे मोकळे करा, ही मागणी होते ती उगाच नाही.

उकाड्याचंही तेच. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला अंदाजे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. एखादं मोठं झाड दिवसाला १०० लिटर पाणी पानांतून सोडत असेल तर ते दीड टनाचा एसी बारा तास चालवल्याएवढी उष्णता शोषतं, आणि एसीसारखी मागच्या बाजूने गल्लीत फेकत नाही. तपोवनातली झाडं तोडण्यावरून सिंहस्थाच्या तयारीत एवढा गदारोळ झाला तेव्हा हा हिशोब फारसा कुणी मांडला नाही.

पैशाचा हिशोब तर आणखी वाकडा. अंगण फरसबंद करणाऱ्याचा चिखल वाचतो, आणि त्याची किंमत मोजतो खालच्या अंगाचा दुकानदार किंवा नासर्डी नदीकाठच्या झोपडीत राहणारा, ज्यांनी काँक्रीट ओतलेलंच नाही.

पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डा करणार असाल तर एक बघा. खाली मुरूम लागला पाहिजे, नुसता अखंड पाषाण लागला तर जागा बदला, नाहीतर तो खड्डा पहिल्या पावसात भरून तसाच उभा राहतो. आणि मे संपायच्या आत त्यातला गाळ काढा, गच्चीवरची माती सगळी तिथेच जाऊन बसते.